ताईने वळवलेला पाइप

परवा पावर हाउस भागातल्या बाजारातून परतताना ऑटो एका गॅरेजसमोर अडकला. बॉनेट उघडं टाकलेली गाडी, तिच्यात कमरेपासून वाकलेला एक माणूस, आणि तापलेल्या रबराचा तो उग्र, घशाला चिकटून बसणारा वास. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला. मी तशीच बसून राहिले. हा वास आला की मला आधी राग येतो, आठवण मागाहून येते. वय वाढलं तसे माझे बरेचसे राग विरून गेले. कोणावर होते, कशासाठी होते, तेही आता नीट सांगता यायचं नाही. हा एक मात्र अजून जसाच्या तसा आहे.

आमचे बाबा पोलादाच्या कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, वेल्डर होते. भंडाऱ्याकडची धानाची बांधी सोडून इथे हिंदी मुलखात आले आणि सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं भावंडं वाढलो. दादाला गाड्यांचा नाद होता. मी धाकटी, पुस्तकात डोकं घालून बसणारी. बाबांच्या हातातलं कसब उचललं ते ताईने. क्वार्टरच्या मागच्या अंगणात ती लहानपणापासून त्यांच्याजवळ उकिडवी बसायची. "आवाज आइक," बाबा म्हणायचे, "वेल्डिंग नुसती डोयानं होत नाही, कानानंही होते." पुढे आयटीआयत तिने वेल्डरचाच ट्रेड घेतला. वर्गात ती एकटी मुलगी होती. बाबा रिटायर होईस्तोवर त्यांच्या हातांना कंप सुटला होता, आणि ते अभिमानाने सांगायचे की पोरीचा हात आपल्यापेक्षा साफ आहे. हे सांगायचे ते घरात. बाहेर सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही.

दादाने पावर हाउसजवळ गॅरेज टाकलं, तेव्हा वेल्डिंगचं सगळं काम आपोआप ताईकडे आलं. मात्र ती बसायची मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. गिऱ्हाईक पुढे आणि ताई मागे, अशी वाटणी कोणी ठरवल्याचं आठवत नाही. आणि ठरवलेली नसल्यामुळेच बहुधा त्या वाटणीविरुद्ध बोलायची सोय नव्हती. मी कॉलेजातून घरी आले की तिघांचा डबा घेऊन जायचे. बाबा दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असत, जणू गॅरेज त्यांचंच.

एकदा रायपूरचे एक गृहस्थ आपली मोठी डिझेल गाडी घेऊन आले. टर्बो असलेल्या गाडीत इंजिनात जाणारी हवा आधी दाबली जाते. दाबली की ती तापते, म्हणून पुढे बसवलेल्या इंटरकूलरच्या जाळीतून नेऊन ती थंड करावी लागते. या गृहस्थांनी हौसेने मोठा इंटरकूलर बसवून घेतला होता आणि बसवणाऱ्याने सापडेल त्या फटीतून पाइप कोंबले होते. चढावर जोर दिला की जोडावरचा रबरी होज पाइपावरून निसटायचा, ढप्प असा आवाज व्हायचा आणि गाडी काळा धूर ओकत मरगळून जायची. आधीच्या गॅरेजांनी होजवरची पट्टी, म्हणजे क्लॅम्प, आवळून त्यांना परत पाठवलं होतं. दादानेही दोनदा क्लॅम्पच आवळला.

तिसऱ्या खेपेला ताई शेडमधून बाहेर आली. तिने दादाला नुसता ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला आणि बॉनेटच्या कडेवर कोपर टेकून बराच वेळ पाहत राहिली.

"इंजिन हलून राहिलं अन् पाइप ताठ उभा आहे," ती म्हणाली. "तो निसटन नाही तं काय करन? अन् थंड झालेली हवा पुन्हा सायलेन्सरच्या गरम पाइपाजवळून नेली आहे. क्लॅम्पचा दोष नाही दादा, रस्ताच चुकला."

तीन दिवस ती त्या गाडीत, तापलेल्या रबराच्या वासात वाकलेली होती. बॅटरी उचलून तिने दुसऱ्या बाजूला बसवली आणि मोकळ्या झालेल्या जागेतून लोखंडी तार वाकवत वाकवत नवा रस्ता आखला. त्या तारेबरहुकूम ॲल्युमिनियमचे तुकडे तिरके कापले, आर्गन वायूच्या वेल्डिंगने जोडले. होज घसरू नये म्हणून पाइपाच्या टोकांना बारीकशी कड उठवली. इंजिनाने अंग हलवलं तरी चालेल अशी, मध्ये मऊ होजची जागा सोडली. माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक निजलेले ते सांधे मी बोट फिरवून पाहिले, तेव्हा तिच्या मनगटावर भाजल्याचा लाल चट्टा होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. शेवटी मला शेजारी बसवून तिने गाडी दुर्गच्या रस्त्याला काढली आणि ओव्हरब्रिजच्या चढावर पूर्ण जोर दिला. काही निसटलं नाही. ताई हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गृहस्थ आले. गाडी फिरवून आणली, खाली उतरले आणि पाइपावरून हात फिरवत म्हणाले, "भाई, ये वेल्डिंग किसने की है? ऐसा हाथ तो देखा नहीं मैंने."

ताई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. हेल्मेट काखेत, हात पुसायचं फडकं हातात. दादाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "प्लांट के पुराने कारीगर हैं," असं म्हणून त्याने बाबांच्या खुर्चीकडे हात केला. गृहस्थ लगबगीने गेले आणि त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. बाबांनी तो धरू दिला. मान किंचित लववली आणि ओशाळं हसले. तो हात त्याही वेळी थरथरत होता.

ताई मराठीत, अगदी हळू आवाजात बोलली, "बाबा, तुमच्या हातानं तं चहाचा कपही धरवत नाही."

गृहस्थांना मराठी कळत नव्हतं. मुलगी बापाचं कौतुक करते आहे असं वाटून ते तिच्याकडे पाहून हसले. त्या वाक्याचा अर्थ तिथे आम्हा घरच्यांनाच कळला होता. मला हिंदी उत्तम येत होतं. त्या एका वाक्याचं हिंदी करायला मला श्वासभर वेळ लागला असता. मी डब्याची झाकणं लावत राहिले.

ताईने हेल्मेट शेडमधल्या खिळ्याला अडकवलं आणि ती घरी गेली. पुन्हा गॅरेजात आली नाही. दादा म्हणत राहिला, "येवढं काय झालं? बाईनं केलं म्हटलं असतं तं त्यानं गाडी पुन्हा खोलून पाह्यली असती." त्याला आजही आपलं काही चुकलं असं वाटत नाही. तीन महिन्यांनी ताई रायपूरच्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये लागली. आता तिथे ती हेड वेल्डर आहे. तिने पास केल्याशिवाय एकही सांधा बाहेर जात नाही. सणाला ती दादाकडे येते, जेवते, त्याच्या मुलांचे लाड करते. सगळं सुरळीत आहे, आणि याच सुरळीतपणाची मला चीड येते.

बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसले होते. काही विचारलं नसताना म्हणाले, "त्या दिवशी मी हात मांगं घ्याले पायजे होता." तेराव्यानंतर मी हे ताईला सांगितलं. वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती भांडी पुसत होती. तिने पुसणं थांबवलं नाही.

"तुले कायले सांगितलं? मले सांगायचं होतं त्यायनं." पुसलेलं ताट फळीवर ठेवत म्हणाली, "अन् तू तरी आता कायले सांगून राहिली?"

बाबांवर रागवायला बाबा नाहीत. दादाशी बोलायला गेलं की तो चहा मांडतो. ताईने तो विषय बाजूला ठेवून दिला आहे. तिच्यापुढे रोज नवं काम असतं. ती गाडी भंगारात गेली की अजून कुठल्या चढावर धावते आहे, मला ठाऊक नाही. लोक मला सांगतात, इतकी वर्षं झाली, आता सोडून दे. मी सोडत नाही. त्या दुपारी तिथे काय झालं, याची आता माझ्या रागाशिवाय दुसरी काही खूण उरलेली नाही. मीही शांत झाले तर ते काम बाबांनीच केलं होतं, असंच ठरून जाईल.