सोलवाय सही करत नाही

हिलरॉड गावातल्या प्रयोगशाळेत सोलवाय ब्रॉन्डम चोवीस वर्षं भोकं पाडत होती. कामाबद्दल कुणी विचारलं तर ती स्वतःच तसं सांगायची. केसाच्या जाडीत दीडशे ओळीने बसतील इतकी बारीक भोकं, काचेहून ठिसूळ अशा पातळ पापुद्र्यात. मधली एक ओळ कोरी सोडली की प्रकाश तेवढ्याच वाटेने जातो. एका ठरावीक रंगाचा प्रकाश तर त्या वाटेत रेंगाळतो, रेंगाळता रेंगाळता बळ धरतो आणि लेसर होऊन बाहेर पडतो.

त्याआधी ती श्रवणयंत्रांच्या कारखान्यात होती. भिंगाखाली तारा जोडायची. कारखाना पोलंडला हलवायचं ठरलं तेव्हा मालकांनी कामगार बायकांपुढे एक कागद ठेवला : जोडणीत चुका होतात, हे मान्य. चुका होत नव्हत्या. पण घरी दोन मुलं होती, नवीन नोकरीसाठी शिफारसपत्र हवं होतं. सोलवायने सही केली. त्या सहीची लाज तिला अजून वाटायची.

मार्चमध्ये आस्गर तिने कोरलेली चिप घेऊन आला. आस्गर इथला तरुण संशोधक, हुशार आणि घायकुता. चिपवर आखूडपासून लांबपर्यंत बारा वाटा होत्या. वाट जितकी लांब, तितका तिच्यातला प्रकाश संथ. संथ तेवढा चांगला, म्हणून त्याने सर्वांत लांब तीनच वाटा तपासल्या होत्या.

"सोलवाय, तुझी कोरणी बिघडली. लेसर भलतीकडेच पेटतोय. वाटेत कुठेही ठिपके दिसतात."

"बाकीच्या नऊ वाटा?"

"त्यात काय बघायचं? प्रकाश पुरेसा संथच नाही तिथे."

"म्हणजे बघितल्या नाहीस."

शुक्रवारी नेहमीप्रमाणे सगळे न्याहारीला जमले. लोणी-चीज लावलेले पाव टेबलावर होते. विभागप्रमुख व्हिगोने पाव चावतच एक कागद तिच्याकडे सरकवला. "कोरकामात दोष, एवढं लिहून सही कर. पुढच्या महिन्यात नवी चिप करू. कुणी तुला बोल लावत नाहीये."

"बोल लावत नाही, मग कागद कशाला?"

"नोंद लागते गं."

"नोंद खरी लागते, व्हिगो. बाराही वाटा एकाच दिवशी, एकाच यंत्रात, एका दमात कोरल्यात. कोरणी वाईट असती तर बाराही बिघडल्या असत्या."

आस्गर हसला. "भोकांच्या कडा खडबडीत आहेत, हे तर मानशील?"

"आहेत. दोन नॅनोमीटर. त्याहून गुळगुळीत करून दाखवणारा आण, मी त्याची शिकवणी लावते." तिने कागद परत सरकवला. "तू प्रकाशाला इतका संथ केलास की तो प्रत्येक भोकापाशी अडखळतोय. भरधाव गेला असता तर त्याला कडा जाणवल्याही नसत्या. माझ्या कोरणीत आणि तुझ्या हव्यासात फरक आहे."

व्हिगो म्हणाला, "तुला निवृत्तीला पाचच वर्षं राहिलीत, सोलवाय. कशाला वाद?"

"पाच वर्षं आहेत ना अजून? मग सही करत नाही. आधी बाराही वाटा मोजा."

सोमवारी ती मोजणीच्या खोलीत जाऊन खुर्ची ओढून बसली आणि उठेचना. आस्गर तोंड फुगवून एकेक वाट लावत गेला. आखूड वाटांना पेटायला बाहेरून सोडलेल्या प्रकाशाचा बराच जोर लागला. चौथी, पाचवी, तसा जोर कमी होत गेला. सहाव्या वाटेला त्याने किंचितच जोर दिला आणि लेसर पेटला, बरोबर जिथे पेटायला हवा तिथे. सातवीही तशीच. आठवीपासून पुन्हा जोर वाढू लागला, आणि शेवटच्या तिघींत ते विखुरलेले ठिपके.

आस्गर आकड्यांकडे बघत राहिला. मग त्याने सहावी वाट पुन्हा मोजली, आणि परत एकदा.

"इतक्या कमी जोरात पेटलेली आपल्याकडची ही पहिलीच," तो म्हणाला. "मी तर लांबच्याच..."

"हो."

"माझं चुकलं."

"हेच शुक्रवारी म्हण, सगळ्यांसमोर."

त्याने म्हटलं, पाव हातात धरून, कान लाल करून. व्हिगोने कागद फाडला नाही, नुसता खिशात घातला. सोलवायने हात पुढे केला. "इकडे दे." तिने तो घेतला आणि कोऱ्या बाजूला बारा वाटांचा आलेख काढून फळ्यावर टाचला.

ऑगस्टमध्ये शोधनिबंधाचा मसुदा आला. शेवटी आभारात तिचं नाव होतं. आत एक वाक्य होतं : कोरकामातील दोष असूनही. सोलवायने त्यावर लाल रेघ मारली, आणि आभारांवरही.

"नाव वर, लेखकांत," तिने आस्गरला सांगितलं. "नाहीतर पुढची चिप तू कोर."

"व्हिगो तयार होणार नाही."

"मग त्याला सांग, चिप तूच कोर, आणि हातमोजे मोठ्या मापाचे मागव."

निबंध छापून आला तेव्हा त्यावर पाच नावं होती. तिसरं सोलवाय ब्रॉन्डम. व्हिगो आठवडाभर तिच्याशी मोजकंच बोलला. सोलवायला त्याचं काही वाटलं नाही. ती पांढरा अंगरखा चढवून, केस टोपीत कोंबून कोरकामाच्या खोलीत गेली. नव्या चिपवर वीस वाटा कोरायच्या होत्या.