दोन नंबर मोठा कॉश्च्यूम

मी एकदा दोन महिन्यांच्या पगारात एक पिशवी विकत घेतली आणि ती अंगात घालून शर्यतीला उतरले. दुकानदार त्या पिशवीला रेसिंगचा कॉश्च्यूम म्हणत होता. त्याचं बरोबर होतं. पिशवी मी केली त्याची.

शर्यत संपली तेव्हा मी क्लबच्या टँकच्या कडेला दोन्ही हातांनी खांद्यावरचे पट्टे धरून उभी होते. बाकीच्या चौघी टॉवेल गुंडाळून सरबत पीत होत्या. मॅडम खुर्चीतून उठल्याही नाहीत. म्हणाल्या, "काय गं, तुम्ही लोक खाडीत पोहता, की नुसत्या उभ्या राहता?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. हे लिहायलाच हवं. मीही हसले.

मग मॅडमनी पंपाच्या माणसाला हाक मारली. "आज क्लोरीन जरा जास्त टाका हं."

यावर कोणी हसलं नाही. यात हसण्यासारखं त्यांना काही वाटलंच नसावं. त्या पाण्याची काळजी घेत होत्या.

परवा नात म्हणाली, आजी, रेसिंगचा कॉश्च्यूम घेऊन दे, महाग आहे पण फरक पडतो. म्हणून हे सगळं वर आलं. नाहीतर एवढी वर्षं ते तळाशी होतं, आणि तिथे ते काही त्रास देत नव्हतं.

आमचं घर ठाण्याच्या कोळीवाड्यात. बापाला मुलगा नव्हता, म्हणून होडीवर मी जायची, आणि होडीवर जायचं तर पोहता यायलाच हवं. सातव्या वर्षी बापाने ढकललं. आले वर. संपलं शिक्षण. पुढे लग्न झालं तेही त्याच वाड्यात, चार घरं सोडून.

नव्वदच्या आसपास घोडबंदर रोडच्या अंगाला एक क्लब निघाला. तिथे मला काम मिळालं. दुपारी लेडीज बॅच असायची, तेव्हा कपडे बदलायच्या खोल्या पुसायच्या, टॉवेल द्यायचे, पायऱ्यांवरचं शेवाळ घासायचं. मॅडम म्हणजे सेक्रेटरींच्या मिसेस. लेडीज बॅच त्यांच्या ताब्यात. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "आल्या आल्या साबण लावून आंघोळ करायची. वास येतो तुमचा."

मी साबण लावायची. वर लिंबूही चोळायची. लिंबाचं मॅडमनी सांगितलं नव्हतं. ती अक्कल माझी.

लेडीज बॅचला शिकवायला बाई नव्हती. मास्तर होते, पण बायका पाण्यात असताना त्यांना आत यायची बंदी. ते भिंतीपलीकडे स्टूल टाकून बसायचे आणि तिथून ओरडायचे, "पाय मारा, पाय मारा, श्वास सोडा." कोण पाय मारतंय, कोण बुडतंय, त्यांना काय दिसणार. बायका कठडा धरून उभ्या. वर्ष गेलं तरी कठडा सुटेना.

एक दिवस मी मॅडमना म्हटलं, "मला येतं पोहायला. मी शिकवीन."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बघू. वार्षिक स्पर्धेत उतर. पहिल्या तिघींत आलीस तर विचार करू. पण प्रॉपर कॉश्च्यूम हवा. गाऊन घालून उतरायला ही काय खाडी नाही."

पहिल्या तिघींत आले तर शिकवायची नोकरी. हातातला पोतेरा जाणार. मला 'अगं'च्या जागी कोणीतरी 'बाई' म्हणणार. एवढंच हवं होतं मला. आज मागे वळून बघितलं की फार थोडं वाटतं. तेव्हा पोटात मावत नव्हतं.

स्टेशनजवळ बाजारात साधे नायलॉनचे कॉश्च्यूम मिळायचे, झालर लावलेले. तो चालला असता. पण एका मेंबरबाईंच्या मुलीचा मी पाहिला होता. काळा, चकचकीत, परदेशातून आणलेला. ती मैत्रिणीला सांगत होती, "यात पाणी लागतच नाही." मी खोली पुसता पुसता ऐकलं आणि खरं मानलं. जन्म खाडीत गेलेली बाई मी. पाण्यात पाणी लागत नाही म्हणजे काय, हा प्रश्नही पडला नाही.

धोबीतलावाला खेळाच्या सामानाचं दुकान होतं, तिथे गेले. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, हा दोन नंबर लहान घ्यायचा असतो. अंगाला घट्ट बसायला हवा. चढवताना जीव जायला पाहिजे."

मला वाटलं, याच्याकडे लहानच उरलेत आणि हा माझ्या गळ्यात मारतोय. शिवाय घट्ट म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं, तेही मला खटकलं. मी म्हटलं, "मोठाच द्या. धुतल्यावर आटेल."

"हा आटत नाही ताई."

"सगळे आटतात," मी म्हटलं.

आमच्याकडे कुठलाही कपडा बेताचा घ्यायचा नाही. फ्रॉक घ्यायचा तो पुढच्या दिवाळीलाही यावा असा. चप्पल पुढे कापूस भरून घालायची. मी दोन नंबर मोठा घेतला. मनात म्हटलं, पुढेमागे लेकीलाही होईल. दुकानदाराने बांधून दिला. मी घासाघीसही केली नाही, कारण एवढ्या महाग वस्तूची घासाघीस करायची कशी हेच मला माहीत नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी पुरुषांनाही आत यायची मोकळीक होती. शिट्टी झाली आणि मी उडी मारली. पाण्यात पडल्याबरोबर कॉश्च्यूम गळ्यापाशी उघडला आणि भरला. खाडीत आम्ही डोल लावतो, पिशवीसारखं जाळं. पाणी तोंडातून आत शिरतं, जाळं फुगतं, मासळी आत. तसंच. मासळी मीच. पोटावर एक घागर, पाठीवर एक घागर. अर्ध्यात डावा पट्टा खांद्यावरून उतरला, मग उजवा. एका हाताने छाती झाकली, एका हाताने पोहले. काठावरून कोणीतरी म्हणालं, "अरे, ती बघ, ती बघ." शेवटची आले. माझ्या आधीची कोरडी व्हायला लागली होती.

पुढचं सांगून झालंय. उभ्या राहता का, आणि क्लोरीन.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. बायका पांगल्यावर शर्यतीची वेळ लावणाऱ्या घड्याळवाल्या गृहस्थांना मी विचारलं, "साहेब, माझी वेळ किती आली?" मला फक्त आकडा हवा होता. कितीही वाईट असो.

ते कागद आवरत होते. सरळ माणूस. म्हणाले, "तुझी लावलीच नव्हती. स्पर्धा मेंबरांची असते ना. तुला गंमत म्हणून उतरवलं होतं."

मी कागद पाहिला. चार नावं होती, चार वेळा होत्या. पाचवी ओळ आखलेलीसुद्धा नव्हती. म्हणजे मी पहिली आले असते तरी आले नसते. पट्टे सुटले नसते, कॉश्च्यूम मापाचा असता, पाण्याने मला खांद्यावर घेऊन पलीकडे नेलं असतं, तरीही.

मला काहीच झालं नाही. राग नाही, रडू नाही. ओल्या फरशीवरून मी पोतेरा फिरवला, कारण फरशी ओली होती.

घरी सासूने कॉश्च्यूम दोरीवर पाहिला. सासूला मी आईच म्हणायची. ती जाळी विणायची, तिच्या हातातून भोक सुटत नसे. काही न विचारता तिने तो घेतला, दोन्ही अंगांनी मुडपला आणि जाळ्याच्या दोऱ्याने शिवून टाकला. म्हणाली, "आता बघू, काय हाय यात."

भरतीला आम्ही दोघी धक्क्यावर गेलो. आमच्या होडीपासून पलीकडच्या खांबापर्यंत मी दोनदा पोहले. एकदा गाऊनमध्ये, मग दम घेऊन एकदा शिवलेल्या कॉश्च्यूममध्ये. आई काठावर बसून मोठ्याने आकडे मोजत होती. गाऊनमध्ये सदतीस. कॉश्च्यूममध्ये पस्तीस.

"दोन," आई म्हणाली. "दोन आकड्यांचा कपडा घेतलास गो."

तर नातीला माझं उत्तर असं. फरक पडतो. दोन आकड्यांचा. जिची शर्यत दोन आकड्यांनी हुकते तिने खुशाल घ्यावा, आणि घट्ट घ्यावा. बाकीच्यांनी आधी तिथवर पोचावं. आणि पोहायच्या आधी विचारावं, माझ्यावर घड्याळ लावलंय का. मी दोन आकडे विकत आणले होते, जिथे मला कोणी मोजतच नव्हतं.

पंधरा दिवसांनी शिकवायला बाई आली. मॅडमची भाची, डोंबिवलीची. सर्टिफिकेट होतं तिच्याकडे. मुलगी वाईट नव्हती, पण खोल पाण्याला घाबरायची. तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं.

"तू जरा खोल बाजूला पाण्यात उभी राहत जा. बायकांना धीर येतो. शिकवेल हीच."

"खोल पाण्यात उभं राहता येत नाही मॅडम. पोहावं लागतं."

"मग पोह."

"पोहते. आधी घड्याळ लावा. चार फेऱ्या. ताईंवरही लावा. कागदावर लिहा."

"तुझ्यावर कशाला घड्याळ?"

"मग पाण्यात तरी मी कशाला?"

मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "हे बघ, तुला आपण इथे सामावून घेतलंय. विसरू नकोस."

तो मऊ आवाज ऐकला आणि माझ्यात काहीतरी जागेवर बसलं. हाड बसतं तसं. मी पोतेरा बादलीत ठेवला. बादली टँकच्या कडेला ठेवली, त्यांच्या पायांशी. म्हटलं, "ज्या पाण्यात माझी वेळ लिहिणार नाहीत, त्या पाण्यात मी उतरणार नाही. आणि त्याच्या काठची फरशीही पुसणार नाही."

चालत निघाले. वर्तकनगर येईपर्यंत कळलं नाही की पायात चपला नाहीत. परत गेले नाही.

घरी आई अंगणात जाळं पसरून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, एका आवाजात, बातमी वाचावी तसं. मग म्हटलं, आपल्या वाड्यातल्या पोरी शहाण्या झाल्या, वयात आल्या, की आपण त्यांना पाण्यातून वर काढतो. आता नाही काढायच्या. मी शिकवणार. घड्याळ विकत घेणार. आणि जिथे नाव लिहून वेळ लावतात तिथेच नेणार, ठाण्यात नाही तर कल्याणला, आणि त्याआधी कागदावर ओळ आखलेली बघणार. पोरी हाफपँटमध्ये पोहतील. पण पाचवी ओळ असल्याशिवाय एकही पोर उडी मारणार नाही.

आईने जाळ्यातून मान वर केली नाही. म्हणाली, "रडायचं आसंल त आताच रडून घे. भरती चारला हाय, न् पोरी तुलाच आनायच्या हायेत."