घुमवलेला वारा

वाकोल्याच्या बागेत रोज संध्याकाळी एक आजोबा भेटायचे. उभा जन्म त्यांनी विमानांची इंजिनं दुरुस्त केलेली. वरून विमान गेलं की ते बोलता बोलता थांबायचे आणि आवाज विरेपर्यंत मान तिरकी करून ऐकत राहायचे.

एकदा मी विचारलं, "एवढ्या वाऱ्यात इंजिनातली ज्योत विझत कशी नाही?"

त्यांनी चहाच्या रिकाम्या कागदी कपाच्या तळाला नखाने चिरा पाडल्या आणि एकेक पातं तिरकं वाकवलं. "सरळ वारा ज्योतीला पळवून लावतो. अशा पात्यांतून घुमवला, की थोडी आग मागे फिरते नि नव्या इंधनाला पेटवते. पण फार घुमवायचा नाही रे, दाब वाया जातो."

परवा विमानात बसलो. उडताना खिडकीतून बाग शोधली, दिसली नाही. पण खाली कुणीतरी बोलता बोलता थांबलं असणार.