मोरपिशी खरी दाखवणारा फोन

आमच्या घरात नवा फोन घ्यायचं ठरलं ते एका परत आलेल्या साडीमुळे.

मी सुरतेत डिंडोलीला राहते आणि घरून साड्या विकते. नवरा पांडेसऱ्याला एका डाइंग मिलच्या ऑफिसात आहे. सासूबाईंनी आयुष्यभर घरी बसून मार्केटच्या साड्यांना लेस लावली, त्यामुळे कापड त्यांना बोटांनी कळतं. मी त्यांना लग्नापासून आत्या म्हणते. माल आम्ही दोघी मिळून निवडतो, फोटो मी काढते, ग्रुपवर टाकते आणि धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या बायका मागवतात. माझं माहेर तिकडचंच, सुरुवात मैत्रिणींपासून झाली आणि मग त्यांच्या जावा-नणंदांपर्यंत पोचली.

पारोळ्याच्या एका ताईंनी मोरपिशी साडी मागवली होती. पोचल्यावर त्यांचा फोन आला. "साडी छान आहे हो, पण मी निळी मागवली होती ना?"

मी ग्रुपवरचा माझाच फोटो उघडून बघितला. साडी निळीशार दिसत होती. मोरपिशीतला हिरवा माझ्या फोनने गिळून टाकला होता. ताई रागावल्या नाहीत, उलट "असू दे, होतं असं" म्हणाल्या. साडी परत आली तेव्हा आत्यांनी ती उलगडली, एकदा साडीकडे आणि एकदा फोटोकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माय, आता दुसरा फोन घे."

इतकं सरळ कोणी म्हणेल असं वाटलं नव्हतं. माझ्या अंगात एकदम वारं शिरलं.

तो जुना फोन मी एका सिम कंपनीच्या योजनेत घेतला होता. स्वस्त पडला, पण त्यात त्याच कंपनीचं सिम चालायचं, दुसरं घातलं की स्क्रीनवर नुसता नकार यायचा. माझा माहेरचा जुना नंबर वेगळ्या कंपनीचा आणि निम्म्या गिऱ्हाइकांकडे तोच नंबर. म्हणून त्या नंबरासाठी एक बटणांचा फोन वेगळा बाळगायचा. फोटो एका फोनवर, ऑर्डर दुसऱ्या फोनवर आणि दोन्ही एकाच वेळी वाजायला लागले की मी घरभर पळतेय. तेव्हा नव्या फोनकडून माझ्या दोनच मागण्या होत्या. रंग खरा दिसला पाहिजे आणि फोन कुठल्याही कंपनीला बांधलेला नको. दोन्ही नंबर एकाच फोनमध्ये!

त्या दिवसापासून मी फोनांची माहिती सांगणारे व्हिडिओ बघायला लागले. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. सगळी तरुण मुलं, भराभर बोलणारी. कोणी चंद्राचा फोटो काढून दाखवायचा, कोणी गेम किती पळतो ते सांगायचा. साडीचा फोटो मात्र एकानेही काढला नाही. तरी मला गंमत वाटत होती. आठवड्याभरात मी जेवताना नवऱ्याला कॅमेऱ्याच्या भिंगांबद्दल समजावून सांगायला लागले आणि तो घास हातात धरून ऐकत बसला.

"ऑनलाइन घेऊन टाक ना," तो म्हणाला. "आज मागवला की परवा दारात. आखाजीच्या आधी हातात असेल."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशातला लेकीबाळींचा सण. माहेरी आलेल्या लेकीला साडी घ्यायचीच, त्यामुळे आमच्या धंद्याचे खरे दिवस तेच. ऑनलाइनचं मला पटत आलं होतं. बोट बटणावर होतं म्हणा ना. तेवढ्यात अमेरिकेतून माझ्या भावाचा फोन आला.

"ताई, तू कशाला घेतेस? मी सुट्टीला येतोयच. इथून मस्त फोन आणतो तुझ्यासाठी."

मी एकदम आनंदले. अमेरिकेचा फोन! मग जुना फोन समोरच पडलेला दिसला आणि मी विचारलं, "त्यात माझी दोन्ही सिम चालतील का रे?"

तो म्हणाला, "अगं, मी इथल्या कंपनीकडून हप्त्यावर घेतो, तसा स्वस्त मिळतो. हप्ते संपेपर्यंत त्याला लॉक असतं. नंतर खोलून देतात."

"नंतर म्हणजे?"

"म्हणजे... पुढच्या आखाजीला वापर," असं म्हणून तो स्वतःच हसायला लागला. मीही हसले. मग त्यानेच सांगितलं, "तिथेच घे ताई. सुरतेत दुकानात मिळतो तो उघडाच असतो, कुठलंही सिम घाल."

राहिलं ऑनलाइन. ते आत्यांनी निकालात काढलं. त्या लेस गुंडाळत होत्या, मान वरही न करता म्हणाल्या, "फोटो दखीसन साडी मागाडी त्या पारोळावालीनं काय झायं?" फोटो बघून साडी मागवणाऱ्या त्या बाईचं काय झालं, असं अहिराणीत विचारत होत्या. मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने हात जोडले. आम्हीच सगळ्या खानदेशाला फोटो बघून साड्या घ्या म्हणतो आणि आमच्या घरात फोन मात्र हातात धरून घ्यायचा, यावर आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामावर गेला आणि आम्ही दोघी रिक्षाने उधन्याच्या मोबाइलच्या दुकानाकडे निघालो. आत्यांनी पिशवीत ती परत आलेली साडी घेतली. "हिनाच फोटो काढानं," म्हणाल्या, म्हणजे फोटो हिचाच काढायचा. मला इतकं साधं सुचलं नव्हतं. रिक्षात मी पिशवी मांडीवर धरून बसले होते, जणू पाहुणे बघायला येणार होते आणि मुलगी पिशवीत होती.

दुकान नुकतंच उघडलं होतं. गल्ल्याशी एक बाई उदबत्ती फिरवत होत्या आणि त्यांचे यजमान काउंटर पुसत होते. दोघंही गुजराती, पन्नाशीचे. मी त्यांना आमचं काम सांगितलं आणि विचारलं, "फोन ओपन आहे ना? कुठलंही सिम चालेल?"

"बेन, बधां ज चाले, सगळी चालतात," ते म्हणाले. "सिम आणलं असेल तर घालून बघा, मग पैसे द्या."

त्यांनी माझ्या बजेटातले दोन फोन पुढे केले. आत्यांनी पिशवीतून साडी काढली आणि काचेच्या काउंटरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. मालक बघतच राहिले. मी फोटो काढला. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात साडी आजारी दिसत होती, दोन्ही फोनांत.

"अठे नई," आत्या म्हणाल्या. "उनमा."

पण दाखवायचे फोन वायरने काउंटरला बांधलेले. मी वायर ताणून दारापर्यंत जायला बघितलं, अर्ध्यातच थांबले. आत्या उंबऱ्यावर साडी धरून उभ्या, मी मध्येच हात लांब करून वाकलेली, आणि उन्हाचा पट्टा आमच्या दोघींच्या मध्ये. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला. मग दुसरा थांबला. मालक हसले, खिशातून किल्ली काढून त्यांनी वायर सोडली आणि दोन्ही फोन घेऊन स्वतःच आमच्याबरोबर ओट्यावर आले.

चैत्रातलं ऊन, सकाळचंच, पण धारदार. आत्यांनी पदर खांद्यावर टाकला, निऱ्या हातावर सोडल्या आणि उभ्या राहिल्या, अगदी फोटो काढून घ्यायला जन्मल्यासारख्या. मी पहिल्या फोनने फोटो घेतला आणि माझ्या तोंडून "अय्या!" निघालं. साडी झगमगत होती. काठाची जर सोन्याची वाटत होती, रंग तर असा की दागिन्यांच्या जाहिरातीत शोभेल. आत्यांचा चेहराही दहा वर्षांनी तरुण झालेला.

"आ ज लई लो," मालक म्हणाले. "हाच घ्या. सगळ्या बायका हाच नेतात."

मग दुसऱ्या फोनने घेतला. त्यात साडी होती तशी होती. मोरपिशी. उजेडाकडच्या घडीत हिरवी झाक, सावलीकडे निळी. आत्यांच्या कपाळावर घाम होता तो सुद्धा दिसत होता.

खरं सांगते, माझं मन पहिल्याकडे ओढत होतं. तसा फोटो ग्रुपवर टाकला तर साड्या हातोहात खपतील, हे दिसतच होतं. मी दोन्ही फोन आत्यांसमोर धरले. त्यांनी पहिल्याकडे बघितलं, हातातल्या पदराकडे बघितलं, स्वतःच्या फोटोतल्या गालाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "हाऊ फोन खोटं बोलस."

मालकांना अहिराणी कळली नाही. मी सांगितलं तसे ते खळखळून हसले. "मग खरं बोलणारा देतो," म्हणाले.

तेवढ्यात मघापासून दारात उभ्या राहून बघणाऱ्या त्यांच्या पत्नी खाली उतरल्या. त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं, उलटं करून बघितलं. "आ वेचवानी छे?"

विकायची आहे का, असं त्या विचारत होत्या! मी काही बोलायच्या आत आत्या मराठी, गुजराती आणि अहिराणीची मिसळ करून सुरू झाल्या. लेस कुठली, कापड धुतल्यावर कसं राहतं, ब्लाउजपीस आत आहे. मी हातात दोन फोन धरून नुसती उभी. बाईंनी साडी अंगाला लावून दुकानाच्या काचेत बघितलं, यजमानांकडे बघितलं, आणि यजमानांनी काही विचारायच्या आधी साडीची घडी घालून गल्ल्यामागे ठेवून दिली.

"फोन हजी वेचायो नथी," मालक मान हलवत म्हणाले, "ने साडी वेचाई गई."

म्हणजे आमचा फोन अजून विकला गेला नाही आणि तुमची साडी विकली गेली. ओट्यावरचे बघेही हसले. मला तर हसू आवरेना. पारोळ्याहून परत आलेली साडी उधन्याच्या ओट्यावर खपली होती आणि तीही खरा रंग बघून.

मग त्यांनी आमच्यासमोर नवं खोकं उघडलं. मी पर्समधून दोन्ही सिम काढली. ती नखाएवढी चिप माझ्याकडून बसेना, शेवटी बाईंनीच बसवून दिली. स्क्रीनवर आधी एक नाव आलं. थोडा वेळ नुसतंच गोल फिरत राहिलं. मग त्याच्याखाली दुसरं नाव आलं. मी माहेरच्या नंबरावरून नवऱ्याला फोन लावला.

"बटणाच्या फोनवरून का बोलतेस?" तो म्हणाला. "झाला नाही का घेऊन?"

"बटणाचा घरी आहे!" मी इतकी ओरडले की रिक्षावाले वळून बघायला लागले.

आखाजीच्या आठवड्यात आम्ही रोज सकाळी गच्चीवर साड्या न्यायचो. मी फोन धरायची, आत्या एकेक साडी उन्हात उलगडायच्या. एके दिवशी मी न सांगता व्हिडिओ सुरू ठेवला आणि आत्या आपल्या नेहमीसारख्या बोलत राहिल्या, ही साडी उन्हात अशी दिसते, घरात जरा गडद दिसेल, तेव्हा नंतर फोन करून माझं डोकं खाऊ नका. सगळं अहिराणीत. ग्रुपवर टाकल्याबरोबर जी धमाल उडाली ती काय सांगू. साडीची चौकशी कमी आणि "या आजी कोण?" हेच जास्त. साक्रीच्या एका मुलीने तिच्या आईला तो व्हिडिओ दाखवला आणि आईनेच मला फोन केला, म्हणाली, त्या बाईंनी निवडलेली कोणतीही पाठव.

पारोळ्याच्या ताईंनीही त्याच आठवड्यात मागवली. या वेळी त्यांनी रंगाचं नावच विचारलं नाही, नुसता फोटोवर बोटाची खूण करून पाठवला. साडी पोचल्यावर त्यांचा निरोप आला, साडी नेसून काढलेल्या फोटोसकट. झोक्याजवळ उभ्या होत्या, मागे माहेरी आलेल्या दोन लेकी. साडीचा रंग मात्र त्या फोटोत भलताच दिसत होता. मी तो फोटो आत्यांना दाखवला. त्यांनी फोन हातातून घेतला, बोटांनी मोठा केला, साडीचे काठ नीट बघितले आणि म्हणाल्या, "फोटो त्यास्ना फोनमा काढेल शे. त्यास्लेबी सांग, आपला फोन घ्या म्हना."