समोरच्या दुकानातला आरसा

हिंगोलीच्या बाजारात आम्हा दोघांची फोटोची दुकानं समोरासमोर होती. तो माझा बालमित्र, अत्तरवाल्यांच्या घरातला; मी हळदीच्या आडत्याचा मुलगा. उर्दू शाळेत एकाच बाकावर बसायचो. माझ्याकडे रेंजफाइंडर कॅमेरा होता. त्याच्या लहानशा खिडकीत माणूस दुहेरी दिसे. भिंगाभोवतीचं कडं फिरवून त्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवल्या की फोटो रेखीव येई. गावात तसा दुसरा कॅमेरा नव्हता.

मग त्याच्या मामूंनी हैदराबादेहून रिफ्लेक्स कॅमेरा पाठवला. भिंगातून आलेलं चित्र आतल्या आरशावरून वरच्या काचेवर उमटायचं. दिसेल तेच फोटोत येणार. मी एकदा वाकून पाहिलं, बरा आहे म्हणालो, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मी त्या कॅमेऱ्याचे दोष शोधू लागलो. चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. बटण दाबलं की आरसा खटकन वर जातो आणि चावी देईपर्यंत काच आंधळी. पळती मेंढरं टिपावीत ती माझ्याच कॅमेऱ्यानं, असं मी गिऱ्हाइकांना सांगे. ती मान डोलवत आणि समोर जात. माझी खिडकी भिंगाच्या वर असल्यामुळे जवळून घेतलेल्या एका नवरीचं कपाळ कापलं गेलं होतं, ते तिच्या हट्टा गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

एक दिवस आई म्हणाली, तिला फोटो काढायचाय, पण त्याच्याकडून. मी कारण विचारलं.

"तुझा अंदाज असतो बाबा. त्याला दिसतं."

समोरच्या दुकानात तो कॅमेरा पोटाशी धरून, काचेत बघत तिच्याशी बोलत राहिला. आई हसली. माझ्या कॅमेऱ्यापुढे ती कधी हसली नव्हती. माझं तर तोंडच कॅमेऱ्यामागे झाकलेलं असे. मी दारात उभा राहून जळत होतो.

त्याच हिवाळ्यात तो माझ्याकडे आला. त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते, खोलीत उजेड कमी.

"काचेत अब्बा दिसूनच न्हाई राहिले. तू येतो का?"

गेलो. माझ्या खिडकीत त्यांची पांढरी दाढी स्वच्छ दिसत होती. फोटो छान आला. फोटो पाहून तो रडला, आणि मला मात्र आनंद झाला होता.

अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शननंतर, तो घरच्यांना घेऊन हैदराबादेला गेला. सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. पुढे कळलं, तिकडे त्याचं दुकान फार जोरात चाललंय. एवढ्या लांबूनही ते मला झोंबलं.