ठरवणारे मामा

साध्या प्रश्नाने समोरच्याला घामाघूम करण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही. "चहा घेणार की कॉफी?" असं त्यांना विचारावं, तर ते डोळे मिटून बसत. "थांब, उत्तर येतंय. ते मी देतोय की माझ्या मेंदूतले कण देताहेत, एवढं बघू दे." तोवर दूध उतू गेलेलं असे.

मामा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, कोथरूडला आमच्याच सोसायटीत एकटे राहणारे. मामी गेल्यापासून त्यांना हे वेड लागलं होतं, आणि का लागलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एका संध्याकाळी मामींच्या छातीत दुखू लागलं. मामा म्हणाले, "सकाळी डॉक्टरांकडे जाऊ." मामींना सकाळ दिसली नाही. भेटायला येणारा जो तो "विधिलिखित हो, आपल्या हातात काय असतं" म्हणून गेला, आणि मामा प्रत्येकावर भडकले. आपल्या हातात काय असतं, हेच त्यांना विज्ञानाकडून लेखी हवं होतं. मेंदू घड्याळासारखा चालत असेल तर सगळं आधीच ठरलेलं. पण कसं घडेल याचा निसर्गालाही नेम नाही, असं क्वांटमचं काही मेंदूत चालत असेल, तर माणसाला वेगळं वागायला एक फट उरते. मामा ती फट शोधत होते.

शोधाचा त्रास मात्र मला. मी कॉम्प्युटर कंपनीत, म्हणजे मामांच्या मते विज्ञानाचा घरचा माणूस. आठवडाभर हिंजवडीला जाऊन-येऊन मोडलेली पाठ रविवारी जरा टेकावी, तर बायको म्हणे, "जा ना, मामा एकटे आहेत." मग त्यांच्याबरोबर मंडई. तिथे मेथी आणि पालक यांच्यामध्ये ते पंधरा मिनिटं उभे. "बाई, समजा मी मेथी घेतली, तर पालक घेणं मला शक्य होतं का?" भाजीवाली म्हणाली, "दोन्ही घ्या की, म्हंजी वांदाच नाय." सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर मतदान होतं. मामांचा हात वर गेला आणि तिथेच थांबला. "हात वर गेलाय, पण मी अजून ठरवलेलं नाही. हात आधी जातो, आपल्याला मागाहून कळतं, असं काहींचं म्हणणं आहे." सेक्रेटरी म्हणाले, "अहो, मग आपल्याला कळेपर्यंत आम्ही चहा घेऊन येतो." आणि खरोखरच सगळे उठले.

शेवटी मामांनी परदेशातल्या एका मेंदूशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं, चांगलं चार पानी. मी ते टाइप करून ईमेलने पाठवलं. मग तीन रविवार दारातच "आलं का?" चौथ्या आठवड्यात उत्तर आलं. माणूस भला होता, पण मोजकं लिहिणारा. मेंदू फार उबदार आणि ओला असतो, क्वांटमच्या असल्या नाजूक घडामोडी तिथे टिकणं अवघड. आणि टिकल्या तरी योगायोगाने घडलेल्या गोष्टीला 'माझा निर्णय' कसं म्हणायचं?

मी त्याची प्रिंट मामांच्या हातात दिली. ती त्यांनी दोनदा वाचली. कंटाळा म्हणा, दया म्हणा, मी बोलून गेलो, "सोडा ना मामा आता. म्हणजे त्या संध्याकाळी तुमचा काही दोष नव्हता. सुटलात की तुम्ही."

मामांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांनी डोळे न मिटता उत्तर दिलं.

"सुटायचंय कुणाला? अरे, 'सकाळी जाऊ' हे मी म्हणालो नसेन, तर तुमच्या मामीला बघून आल्यावर घरचे सगळे नको म्हणत असताना 'करीन तर हिच्याशीच' म्हणालो, तेही मी नाही. आयुष्यात तेवढं एकच मी स्वतः ठरवलं होतं. ते कणांना देऊन टाकू?"

मामा त्या कागदाची घडी घालू लागले. नोकरी, लग्न, फ्लॅट, सगळं आपोआप होत गेलं, असं मीच दमून-भागून चार लोकांना सांगत असे.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो प्रश्न अजून सुटलेला नाही म्हणतात. मला मात्र कागदाची घडी घालत बसलेले मामा आठवतात, फार आठवतात, आणि वाटतं, दोषासकट का होईना, पण 'हे माझं' असं छातीठोकपणे म्हणावं असं माझ्यापाशी काय आहे?