ताटातलं रामफळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा माणूस मी... इतकी वर्षं दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात फायली पाहिल्या, कागद नसेल तर गोष्ट घडलीच नाही असं मानायची सवय. तरीही लिहितोय.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर राहतो – मी, बायको शेरॉन आणि मुलगी नाओमी. नाओमी नऊ वर्षांची असताना डेंग्यूने पार खालावली, हॉस्पिटलात होती. आईने गावाहून फोनवरच नवस बोलला – पोरगी घरी येऊ दे, तू बिश्वातला एलियाहू हनाबीचा, आमच्या प्रेषिताचा, मलिदा करू. तू बिश्वात म्हणजे आमचं झाडांचं नवं वर्ष, त्या दिवशी फळं खायची. मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, वर पाच फळं... आणि प्रार्थनेला दहा पुरुष.

नाओमी बरी झाली. तू बिश्वात आला तेव्हा ती आणि शेरॉन नोएडाला मावशीकडे होत्या. दिल्लीत आमचे दहा पुरुष जमवायचे म्हणजे आठवडाभर फोनाफोनी. मी एकही फोन केला नाही. कंटाळा केला, दुसरं कारण नाही.

संध्याकाळी आईचा फोन. "झाला का रे मलिदा?"

"झाला."

"दहाजण आले?"

"अकरा."

"फळं कुठली ठेवलीस?"

केळी, सफरचंद, पेरू, खजूर म्हटलं. पाचवं सुचेना. "रामफळ."

ती हसली. "दिल्लीत रामफळ? थापा मारतोस होय रे?"

"कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसवर कुणीतरी गावाकडून आणलं होतं."

ती म्हणाली, "मग हनाबीनेच धाडलं म्हणायचं."

शेरॉनलाही मी मलिदा झाला असंच सांगितलं. रामफळाचं तेवढं बोललो नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात आई गेली.

पुढच्या तू बिश्वातला शेरॉनने घरच्यांपुरतं फळांचं ताट लावलं, वर रुमाल झाकला. प्रार्थनेला रुमाल काढला तर केळ्यांच्या बाजूला एक रामफळ. तांबूस, पिकलेलं.

नाओमीने हात घातला. "पापा, ये क्या है?"

मी ते हिसकावलं आणि डस्टबिनमध्ये टाकलं. पोरगी रडायला लागली.

"काय झालं तुला? सीताफळच होतं ना," शेरॉन म्हणाली. ती दिल्लीतच वाढलेली, तिला दोन्ही सारखीच.

"कुठून आणलंस?"

"मी चारच फळं आणली यार. मला वाटलं पाचवं तू ठेवलंस."

माझा विश्वास बसला नाही. आईने तिला रामफळाचं सांगितलं असणार, खोटं हिने पकडलं असणार, आणि आता मजा बघतेय... ती आंघोळीला गेल्यावर मी तिचा मोबाइल तपासला. ऑर्डर, मेसेज, सगळं. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी फळवाल्याला गाठलं. "साहब, ये तो अपने यहाँ आता ही नहीं," तो म्हणाला. वर्षभर मी बायकोकडे संशयानेच पाहत होतो. तिला ते कळत होतं, कारण मात्र कळत नव्हतं.

मागच्या वर्षी मी रजाच काढली. दोघींना सकाळी नोएडाला धाडलं. चार फळं स्वतः आणली, ताट लावलं, रुमाल टाकला, दाराला कडी. समोर खुर्ची टाकून बसलो. पाणी प्यायलाही उठलो नाही. पाच वाजता दोघी आल्या, म्हणून कडी काढायला उठलो तेवढाच. शेरॉनने चपला काढल्या, आत आली, रुमाल उचलला.

रामफळ होतं.

तिने ते हातात घेऊन वास घेतला. "अच्छा, या वर्षी तू आणलंस. कुठे मिळालं?"

तेव्हाच सांगायचं होतं. नाओमी तिथेच उभी होती, माझ्याकडे बघत... आणि माझ्या तोंडून निघालं, "कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसवर कुणीतरी गावाकडून आणलं होतं."

शब्दन् शब्द तोच.

शेरॉनने पाच भाग केले. आम्ही माणसं तीन, पाच का केले हे तिलाही सांगता आलं नाही. नाओमीने आवडीने खाल्लं. मी खाल्लं नाही. रात्रभर तिच्या कपाळाला हात लावून बघत बसलो. ताप आला नाही. काहीच झालं नाही.

ते फळ कुठून येतं, मला माहीत नाही. दहा माणसं बोलवायची तर नवस कसला ते सांगावं लागेल, आणि शेरॉनच्या लेखी तो केव्हाच फिटलाय. तिथेच मी अडकलोय.

नाओमीच्या जिवासाठी बोललेला मलिदा मी अजून देणं लागतो. आणि त्याच्याआधी शेरॉनला खरं सांगणं.